पालथे कप

रविवार, ५ तारीख

पोचले एकदाची. गाडीत समोरच्या बाकावर एक बाई होती, तिनं सबंध वाटेत आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली. मी मधूनमधून तिखटमीठ पुरवत राहिले, त्यामुळे प्रवास कधी संपला कळलंही नाही. स्टेशनवर जावई स्वतः हजर. ट्रंकेला हमालाचा हात लागू दिला नाही. मनात म्हटलं, म्हातारे, तुझं नशीब उघडलं.

घर तुरुंगाच्या मागच्या आळीत आहे. तिथल्या नोकरदारांसाठी बांधलेली सगळी एका साच्यातली घरं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे हातभर अंगण आणि अंगणाला लागून ती उंच भिंत. माझ्या खोलीच्या खिडकीतून भिंतीपलीकडचं आवारसुद्धा दिसतं. लेकीला वाटलं, मी घाबरेन. मी म्हटलं, अगं, चोर भिंतीच्या आत आहेत हे चांगलंच की. आमच्या गल्लीत ते मोकळे फिरायचे आणि वर मला काकू म्हणायचे.

जावई कैद्यांच्या मनाचे डॉक्टर आहेत. गोळी नाही, सुई नाही, नुसतं बोलायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मी जन्मभर फुकट बोलले. लेक औषधांच्या दुकानात जाते, ती उशिरा येते. नात शाळेतून दुपारीच येते, म्हणून मला बोलावलं. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरत नसे. आता मोठी झाली, शांत झाली, असं लेक सांगते.

ही वही आणि पेन्सिल जावयांनी दिली. कैद्यांनाही अशीच देतात. म्हणाले, आई, मनात येईल ते यात लिहा, तोंडावाटे काढलंच पाहिजे असं नाही. टोमणा होता, पण साखरेत घोळलेला, म्हणून गिळला. माझी शाळा चौथीपर्यंत. भिंगरी खांद्यावरून डोकावून वाचते आणि माझ्या चुका काढते. वाचताना तिचे ओठ हलतात. गोड आहे कार्टी.

घरात एकच गंमत झाली. स्वयंपाकघरात फळीवर प्रत्येकाचा कप ठरलेला. जावयांचा पांढरा, लेकीचा हिरवा, भिंगरीचा पिवळा, माझ्यासाठी नवा निळा आणलेला. कोपऱ्यात एक मोठा तपकिरी कप पालथा होता. मला वाटलं, निथळत ठेवलाय. माझं चहाचं माप मोठं, म्हणून मी तोच उचलला, धूळ होती ती विसळली, चहा ओतला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. तिघंही बोलता बोलता थांबली. मग लेकीनं माझ्या हातून अर्धा भरलेला कप काढून घेतला, धुतला आणि परत पालथा ठेवला. जावई हसून म्हणाले, आई, दुसऱ्या खुर्चीत बसलात तर बरं पडेल, तिथं वारा लागतो.

खिडकी बंद होती.

मंगळवार, ७

घर कसं आरशासारखं. कुणी कुणावर ओरडत नाही, दार आपटत नाही, भांडं पडलं तरी कुणी काही बोलत नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं. आज कानात बोळे घातल्यासारखं झालंय. काल मी मुद्दाम झाकण पाडलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

या तिघांच्या काही सवयी आहेत. जिन्याच्या वळणावर तिघंही भिंतीला अंग चोरून जातात, जसं समोरून कुणी जाड माणूस येतोय. ती खिडकीजवळची खुर्ची कुणी वापरत नाही, पण लेक झाडताना तिच्याभोवती वळसा घालून झाडते. खाली केरसुणी जात नाही. मी भिंगरीला विचारलं, तर म्हणाली, असंच.

आज जेवताना विहीणबाईंचा विषय काढला. जावयांच्या मातोश्री. लग्नात मी त्यांना पाहिलेलं. भक्कम बाई, हसल्या की चार घरं दचकायची. मानाच्या खुर्चीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि त्या भांडणाच्या गोडीवर आम्ही दोघी वर्षानुवर्षं फोनवर बोलत आलो. मग फोन थांबला. लेक म्हणाली होती, आता त्या नसतात. मी अर्थ तो घेतला आणि राग धरून बसले, की मला शेवटचं दर्शन घ्यायला बोलावलं नाही. म्हणून आज सरळ विचारलं, विहीणबाई गेल्या कशानं. जावयांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, आई कुठेही गेलेली नाही. आणि मग मिठाची बाटली मागितली.

शेजारीण, ती तुरुंगातल्या शिपायाची बायको, कपडे वाळत घालताना भेटली. तीही तेच म्हणाली, पण वेगळ्या बाजूनं. म्हणाली, बाईंना बाहेर पडताना बघून जमाना झाला हो, पण ना गाडी आली, ना रडारड झाली. आम्ही विचारलं नाही. साहेबांना विचारायचं कसं, आमच्या ह्यांची नोकरी आहे.

गुरुवार, ९

आज घरात स्फोट झाला, तोसुद्धा आवाज न करता.

दुपारी भिंगरी शाळेतून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थिजली. पिवळा कप पालथा होता. दप्तर खांद्यावरून काढलं नाही, शोध घ्यावा तशी कपाकडे बघत राहिली. मी म्हटलं, काहीतरी खाऊन घे, तर मान हलवून वर निघून गेली.

जेवायला लेकीनं ताटं मांडली, तीनच. मला वाटलं, दमलीय, एक विसरली. मी चौथं घेतलं, तर तिनं ते माझ्या हातून काढून मांडणीत ठेवलं. पोर चौकटीला टेकून उभी. आई, म्हणाली. लेकीनं रस्सा वाढून घेतला. बाबा, म्हणाली. जावई मला सांगत होते की दूध महाग झालंय. त्या पोरीच्या अंगावरून दोघांची नजर अशी गेली, जशी काचेवरून जावी. मी उठून बोंबाबोंब केली. मी काही मुक्या मातीची नाही.

तेव्हा जावयांनी मला समजावलं, अगदी प्रेमानं, जसं आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडवावा. म्हणाले, आई, कैद्याला मारलं की तो ताठ होतो. ओरडलं की उलट बोलतो. कोंडलं की दिवस मोजतो आणि बाहेर पडल्यावर हिशेब चुकता झाला म्हणतो. माणूस सगळं सहन करतो, फक्त एक गोष्ट नाही: आपण कुणाला दिसत नाही हे. आमच्या घरात हात उगारत नाहीत. चुकलेल्याचा कप पालथा होतो, बस्. चूक कोणती तेही कुणी सांगत नाही. गुन्हा सांगितला की माणूस स्वतःचा वकील होतो, नाही सांगितला की स्वतःचा न्यायाधीश होतो. त्यानं शोधायचं, कबूल करायचं, कप सरळ.

मी विचारलं, आणि काही केलंच नसेल तर?

म्हणाले, असं कुणी नसतं, आई.

उपाशी ठेवत नाहीत, ताट झाकून ठेवतात, ते मागून एकटीनं खायचं. आम्ही राक्षस नाही, असंही म्हणाले. मी लेकीला पळीनं बदडून वाढवलं. पळीचा मार जेवणापर्यंत टिकायचा. जेवायला शेजारी बसवून मीच तिच्या वळांवर तूप लावायचे. हे कसलं रिकाम्या हाताचं मारणं!

शुक्रवार, १०

पोरीनं कबुलीजबाब सुरू केले आहेत. जेवताना भिंतीशी उभी राहून एकेक सांगते. साखर खाल्ली. मैत्रिणीचं खोडरबर परत दिलं नाही. बाईंना मनात शिवी दिली. थांबते, आईबापाच्या तोंडाकडे बघते, बाण लागला का. लागत नाही. मग पुढचा. आईला ताप आला तो माझ्यामुळे. गेल्या वर्षी नदीवरचा पूल पडला तोही मीच पाडला.

तो पूल तिनं बघितलेलासुद्धा नाही.

जावई शांतपणे जेवत होते. पण मी लेकीकडे बघत होते. माझ्या पोटची आहे, तोंड तिनं गोठवलं तरी कान तिच्या ताब्यात नाही. लहानपणी खोटं बोलली की डावा कान लाल व्हायचा. आज तो टोमॅटोसारखा झाला होता.

नंतर मोरीत तिला गाठलं. म्हटलं, बाई, तू आई आहेस की भिंत? म्हणाली, माझाही कप व्हायचा गं, लग्नानंतर. बऱ्याच वेळा. आता नाही होत. आता माझं काही चुकतच नाही. हे सांगताना ती एकच पातेलं घासत होती, तेही एकाच जागी, कल्हई निघेपर्यंत. मी तासभर बोलले असेन. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवार, १२

आज मी उठले, सगळ्यांदेखत फळीपाशी गेले, पिवळा कप उचलून सरळ केला, त्यात दूध ओतलं आणि पोरीला मांडीवर घेऊन पाजलं. गुडघे ओरडले, ओरडू देत. पोर गटागटा प्यायली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते कांद्यावर ढकललं, कांदा कुठेही नव्हता.

जावई रागावले नाहीत. रागावले असते तर मला कुणाशी तरी भांडल्याचं समाधान मिळालं असतं. म्हणाले, आई, तुम्ही थकला असाल.

मागून दोघं वर गेल्यावर पोरीला विचारलं, खरंच काय केलंस गं? ती माझ्या कानाला लागली. जिन्यात मोठ्या आजीला धक्का लागला, म्हणून मी सॉरी म्हणाले, आणि बाबांनी ऐकलं. मी म्हटलं, कुठली मोठी आजी? तिनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. मग स्वतःच ते बोट मुठीत लपवलं.

लेकरांच्या डोक्यात काय काय भरतं. खुर्ची रिकामी होती. मी नीट बघितली.

सोमवार, १३

निळा कप पालथा.

हसू आलं. मला! जिचा आवाज बंद करायला नवऱ्यानं दोन वेळा तीर्थयात्रेला जायची धमकी दिली होती! म्हटलं, बघू कोण आधी थकतं.

सकाळी जावई दाढी करत होते, त्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या सात पिढ्या उतरवल्या. आरशात त्यांनी स्वतःची हनुवटी बघितली. लेक दुकानात निघाली, तिच्या वाटेत आडवी उभी राहिले. तिनं चप्पल विसरल्यासारखं करून मागचं दार गाठलं. पण कान लाल. म्हणजे पोचतंय.

दुपारी भिंगरी आली. तिचा कप आता सरळ आहे आणि तो सरळ राहायचा असेल तर मी तिला दिसता कामा नये. बापानं सांगितलेलं असणार, किंवा सांगावंही लागत नसेल. माझ्या बाजूनं गेली. बघितलं नाही, पण हनुवटी थरथरत होती. मी म्हटलं, जा बाई, बरोबर करतेस. जेव.

बुधवार, १५

घसा बसला. गाणी म्हटली, शिव्या दिल्या, पाढे म्हटले, दोनदा ताट आपटलं. जावयांना मी भाडखाऊ म्हटलं, तेव्हा ते लेकीला म्हणत होते की आज हवा छान आहे.

राग कसा असतो, त्याला समोर भिंत लागते. चेंडूसारखा आपटून परत हातात यायला हवा. इथं फेकला की गेलाच. हात दुखतो, चेंडू नाही. संध्याकाळपर्यंत मी मलाच विचारायला लागले, नक्की कशासाठी? कपासाठी की पहिल्या दिवशीच्या चहासाठी? की लग्नातल्या खुर्चीसाठी? मग स्वतःलाच चिमटा काढला. हेच त्याला हवंय. वकिलाचा न्यायाधीश व्हायला लागलाय.

खिडकीतून कैदी दिसतात. शिपाई त्यांच्यावर नंबर घेऊन ओरडतो. ए अमुक नंबर, सरळ चाल. भाग्यवान आहेत लेकाचे.

शुक्रवार, १७

पोरीला घेऊन निघून जायचं ठरवलं. आधी तिकिटाची चौकशी करावी म्हणून बाहेर पडले.

शेजारीण चादर वाळत घालत होती. हाक मारली. तिनं दोरीवर चादर टाकली ती माझ्या तोंडावर. मला वाटलं, साहेबांनी आळीत सांगून ठेवलंय. यांच्या नोकऱ्या त्यांच्या हातात, समजू शकते.

दुकानदारानं माझ्या मागच्या बाईला आधी घेतलं. मग तिच्या मागच्याला. समजू शकते. आळीतलंच दुकान.

स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला. खिडकीतला कारकून परगावचा, मला ओळखत नाही, जावयांनाही नाही. खिडकीत तोंड घालून मोठ्यानं विचारलं. तो पेनाचं टोपण चावत राहिला. माझ्या खांद्यावरून एका माणसानं हात घालून तिकीट घेतलं. खांद्यावरून नाही. खांद्यातून म्हणावं असं –

नाही. गर्दी होती. गर्दीत होतं असं.

रविवार, १९

भिंगरी आज माझ्या बाजूनं गेली.

हनुवटी हलली नाही.

मी जेवताना मोठ्यानं बोलले. लेकीचा कान बघत बोलले. कान पांढरा. तसाच, पांढरा. म्हणजे ही आता न ऐकल्यासारखं करत नाहीये.

सोमवार, २०

दुपारी घरात कुणी नसताना खाली आले. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या.

घाबरले नाही असं लिहीत होते, खोडलं. घाबरले. पाय जिन्यात राहिले. पण भुतासारखं काही नव्हतं त्यांच्यात. तेच भक्कम शरीर, केस विस्कटलेले, लोकरीचा एक धागा बोटाला गुंडाळायचा आणि सोडायचा. मला म्हणाल्या, या विहीणबाई, शेवटी मान मलाच मिळाला खुर्चीचा. आणि हसल्या. चार घरं दचकतील असं. कुणी दचकलं नाही.

मग बोलायला लागल्या. धरण फुटावं तशा. मध्ये श्वास घेत नव्हत्या. माझ्या लक्षात आलं आणि मी ते लक्षात न आल्यासारखं केलं. मीही शिकले म्हणायची.

त्यांनी सगळं कबूल केलं होतं. सुनेला बोलल्याचं, शेजारणीकडे चहाडी केल्याचं, पोराला लहानपणी अंधाऱ्या खोलीत कोंडल्याचं. काहीच लागू पडेना तेव्हा म्हणाल्या, नवऱ्याला मीच विष घातलं. नवरा तापानं गेला होता, गावाला माहीत. तरी कप पालथाच. मग एके दिवशी मुलाच्या अगदी समोर जाऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं, तेव्हा कळलं. गुन्हा कोणता ते आता त्यालाच आठवत नाही. विसरला. शिक्षा तेवढी चालू राहिली.

आणि मग ऐकू जायचंही बंद झालं. आधी त्याला, मग सगळ्यांना.

तुम्ही माझ्या कपातून चहा प्यायलात ना, त्या दिवशी फार बरं वाटलं, असं म्हणाल्या. जिभेवर चव आली.

मंगळवार, २१

विहीणबाईंना विचारलं, जेवता कधी. म्हणाल्या, भूक कधी थांबली आठवत नाही.

मी मोरीत जाऊन बसले. आठवून बघितलं. माझं झाकलेलं ताट कुणी ठेवलं नव्हतं, काल नाही, परवा नाही, आणि हे मला आत्ता कळतंय. मला. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर जी घर डोक्यावर घ्यायची –

निळा कप सरळ करायला गेले. बोटांतून सुटतो. ओल्या साबणासारखा. पेन्सिल मात्र धरवते. का कोण जाणे. त्यानंच दिलेली आहे म्हणून असेल.

संध्याकाळी टेबलाशी उभी राहिले आणि कबूल केलं. मी. जन्मात कुणाची केलेल्या चुकीचीही माफी मागितली नाही, ती मी. कप मी सरळ केला, चुकले. तोंडाळ आहे, चुकले. लेकीला पळीनं मारलं, चुकले. पूल मी पाडला.

जावयांनी विचारलं, आणखी पाव आहे का.

बुधवार, २२

विहीणबाईंनी एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते.

मी येण्याआधी एकदा पिवळा कप पालथा झाला होता, तेव्हा त्या पोरीला दिसायला लागल्या होत्या. जिन्याच्या वळणावर. पोर येऊन मांडीवर बसली. त्यांना इतका आनंद झाला की त्या तिच्याशी बोलत बसल्या, गोष्टी सांगत राहिल्या. पोर रडायची थांबली. कबुलीजबाब थांबले. मग म्हणाली, आजी, मला भूक नाही. तेव्हा त्यांना कळलं, पोर आपल्याच वाटेनं निघालीय. त्यांनी तिला उत्तर देणं बंद केलं. पोर हंबरडा फोडून रडली, तेव्हा तिच्या आईचा कान लाल झाला.

म्हणजे इकडे कुणी विचारपूस केली की तिकडे जायची ओढ संपते. रडणं थांबलं की आई विरघळत नाही. आई विरघळली नाही तर कप –

कळलं मला. विहीणबाई, कळलं.

शुक्रवार, २४

पिवळा कप पालथा आहे.

का, ते माहीत नाही. विचारू तरी कुणाला. काल शाळेतून येऊन तिनं रिकाम्या खोलीत माझं नाव घेतलं असेल. किंवा काहीच नाही.

दप्तर खांद्यावर. कपाकडे बघतेय. वळली तर मी इथं, ओट्याशी. अजून दिसले नसेन. अजून पहिलाच दिवस.

शनिवार, २५

दिसले.

जेवणाची वेळ. ही दोघं टेबलाशी. पोर चौकटीला. कबूल करत होती आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि चेहरा असा फुलला – आजी! – दोन्ही हात पसरून – भिंगरीसारखी –

मी खाली बघितलं. वही उघडली.

हातात वही आहे म्हणून मान खाली ठेवता येते. नाहीतर माझ्याच्यानं – नाही.

माझा पदर ओढतेय. पदराला ओढ लागते, बाकी कशाला लागत नाही आता.

आजी, कुठे होतीस. आजी, बघ ना. आजी, तूपण?

तूपण म्हणतेय.

रडत नाहीये. रडायला हवं. हिला वाटतंय मी खेळतेय.

विहीणबाई खुर्चीतून बघतायत. त्यांनी धागा तोडला.

हनुवटी थरथरली. बघितलं नाही, पदर थरथरतो त्यावरून. आता. रड बाई. मोठ्यानं रड. तुझ्या आईचा कान –

कान बघायला मान वर करावी लागेल. नाही करणार.

विचारतेय, मी काय केलं.

काही नाही. काही नाही गं, माझी शहाणी, तू काहीच केलं नाहीस, तुझ्या बापाला विचार, त्यालाही –

रडणं थांबलं. का थांबलं?

खांद्याशी श्वास. गरम. तिचा अजून गरम आहे.

विहीणबाई हात हलवतायत. वही, म्हणतायत, वही – पोरीला वाचता येतं – ओठ हलतायत तिचे, मी लिहितेय ते ती –